मापाला माप: भारतातील वजनमापांच्या साखळीचा इतिहास

माप खरे की खोटे हे ठरवण्याचा मार्ग एकच आहे: त्याहून अधिक भरवशाच्या मापाशी ते ताडून पाहणे. ते भरवशाचे माप आणखी वरच्या मापाशी ताडलेले असते, ते त्याच्याही वरच्याशी, आणि असे करत करत ही साखळी देशाच्या मूळ मापापर्यंत व तिथून साऱ्या जगाने मान्य केलेल्या मापापर्यंत पोहोचते. या ताडणीला कारखान्यांत आणि प्रयोगशाळांत कॅलिब्रेशन म्हणतात, पुस्तकी मराठीत अंशशोधन. साखळी मध्ये कुठेही तुटलेली नाही आणि प्रत्येक कडीला किती चूक राहिली हे नोंदलेले आहे, या गुणाला ट्रेसेबिलिटी हे नाव आहे. कॅलिब्रेशन म्हणजे दुरुस्ती नव्हे. काटा किती चुकतो आणि ती चूक किती खात्रीने सांगता येते, एवढेच त्यातून कळते; काटा सुधारायचा की मोडीत काढायचा हा पुढचा प्रश्न. भारतात मापांची व्याख्या करणारे हुकूम आणि कायदे अनेकदा झाले. त्यांतले बरेचसे कागदावरच राहिले, कारण व्याख्येपासून बाजारातल्या तराजूपर्यंत नेणारी साखळी कोणी उभारली नव्हती.

तपासणीची गरज मात्र फार जुन्या काळापासून ओळखलेली होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वजनमापांसाठी पौतवाध्यक्ष हा स्वतंत्र अधिकारी नेमलेला आहे. वजने लोखंडाची असावीत, किंवा मगध आणि मेकल या प्रदेशांतल्या दगडाची. नाहीतर अशा पदार्थाची, जो पाण्याने वा लेपाने वाढणार नाही आणि उष्णतेने घटणार नाही, असे तिथे सांगितले आहे. आजही प्रमाण वजनासाठी धातू निवडताना हेच पाहतात: पृष्ठभागावर ओल वा मळ किती धरतो आणि झीज किती होते. दर चार महिन्यांनी वजने तपासून त्यांवर शिक्का घ्यावा आणि बिनशिक्क्याची वजने वापरणाऱ्याला सव्वासत्तावीस पण (त्या काळचे नाणे) दंड व्हावा, असाही नियम त्यात आहे. मनुस्मृतीने तपासणीची मुदत सहा महिन्यांची ठेवली. एकदा खरे ठरलेले माप कायम खरे राहत नाही आणि ते ठराविक काळाने पुन्हा ताडावे लागते, हे तत्त्व या नियमांत स्पष्ट आहे.

महाराष्ट्रात मध्ययुगीन आणि मराठेशाहीच्या काळात मापांची समृद्धी होती आणि त्याच प्रमाणात विविधताही. जमीन काठीने मोजत. पाच हात आणि पाच मुठी लांबीची शिवशाही काठी, वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद असा बिघा आणि १२० बिघ्यांचा चावर हे कोष्टक अण्णाजी दत्तोंच्या जमीनमोजणीशी जोडलेले आहे. धान्य तोलण्यापेक्षा मापून देण्याची रीत अधिक होती. कोळवे, चिपटे, मापटे, शेर अशी दुप्पट होत जाणारी मापे, चार शेरांची पायली, पुढे कुठे बारा तर कुठे सोळा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी. सोनाराकडे आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा. प्रत्येक कोष्टक आपापल्या जागी सुसंगत होते. अडचण गावाची वेस ओलांडल्यावर सुरू होई. एका पेठेतली पायली दुसऱ्या पेठेतल्या पायलीएवढी आहे, असे छातीठोकपणे सांगता येईल अशी दोन्हींच्या वरची तिसरी पायली कुठेच ठेवलेली नव्हती.

समुद्रावरच्या व्यापाऱ्यांना ही अडचण सर्वांत आधी टोचली. गोव्यातील पोर्तुगीज राजवटीच्या काळात अंतोनियो नुनिश याने १५५४ मध्ये पूर्वेकडच्या बंदरांतली वजने, मापे आणि नाणी यांचे एक पुस्तकच तयार केले. पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारातही हाच घोळ होता. मुंबईचा मण २८ पौंडांचा, सुरतेचा ३७ पौंड आणि वर एक तृतीयांश. मुंबईची वीस मणांची खंडी ५६० पौंडांची होती, पण कापसाची खंडी ७८४ पौंडांची, म्हणजे सुरती २१ मणांची. कापसाच्या सौद्यांत ही खंडी अजून टिकून आहे. कापसाचा भाव आजही सुमारे ३५६ किलोच्या खंडीवर बोलला जातो. कंपनीच्या संचालकांनी भारतातल्या निरनिराळ्या ठिकाणची वजनमापे लंडनला मागवून इंग्रजी प्रमाणांशी ताडून घेतली, आणि पॅट्रिक केली याने त्या तुलना एकत्र करून १८३२ मध्ये पौर्वात्य मापनशास्त्रावरचा ग्रंथ छापला. देशी मापे परक्या पण निश्चित प्रमाणाशी जोडण्याचे हे पद्धतशीर काम होते. मात्र त्यातून हाती आले ते रूपांतराचे कोष्टक. पेठेतली वजने होती तशीच राहिली.

१८३३ मध्ये बंगाल इलाख्यात एक वेगळा उपाय झाला आणि त्यामागे कलकत्त्याच्या टाकसाळीतला जेम्स प्रिन्सेप होता. १८० ग्रेन वजनाचा रुपया हाच तोळा ठरला. ८० तोळ्यांचा शेर, ४० शेरांचा मण. हिशेब केला तर हा मण ५,७६,००० ग्रेन, म्हणजे बरोबर १०० ट्रॉय पौंडांचा होतो. आजच्या मापात ३७ किलो ३२४ ग्रॅम. या योजनेतली खरी कल्पकता आकड्यांच्या जुळणीत नव्हती. टाकसाळीत काटेकोर वजनाने पाडलेले नाणे घरोघर आणि दुकानोदुकानी पोहोचत असे, म्हणजे प्रमाण वजनाची प्रत सरकारने न वाटताच लोकांच्या हातात होती. ८० रुपये एका पारड्यात टाकले की शेर सिद्ध. त्यातली कमकुवत बाजूही तितकीच उघड होती. हातोहात फिरणारे नाणे झिजते आणि झिजलेल्या ८० रुपयांचा शेर दरवर्षी थोडा हलका होत जातो. पुन्हा तपासणीची मुदत, झिजेची मर्यादा, तपासणारा माणूस यांपैकी काहीच ठरलेले नव्हते. पक्का शेर आणि कच्चा शेर हा भेद त्यानंतरही शंभर वर्षांहून अधिक काळ बाजारात नांदला.

याच काळात लांबीच्या मापाबाबत मात्र भारतात साखळीचे अत्यंत शिस्तशीर काम चालू होते, आणि ते दुकानासाठी नव्हे तर नकाशासाठी होते. विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ सेंट थॉमस माउंट इथे साडेसात मैलांची पायारेषा, म्हणजे नकाशाचा आधार म्हणून प्रत्यक्ष मोजायची रेषा, मोजली. त्यासाठी वापरलेली पोलादी साखळी १०० फुटांची, प्रत्येकी अडीच फुटांच्या ४० कड्यांची, लंडनच्या जेसी रॅम्सडेनच्या कारखान्यातली होती. ती मुळात मॅकार्टनीच्या ब्रिटिश वकिलातीबरोबर चीनच्या बादशहाला भेट म्हणून गेली होती. तिथे ती नाकारली गेली आणि फिरत फिरत कलकत्त्याला आली. मोजताना ती लाकडी पेट्यांत, तंबूच्या सावलीत ताणून ठेवत आणि शेजारी तापमापक मांडत, कारण उन्हाने पोलाद लांबते. तशीच दुसरी साखळी राखून ठेवलेली असे. तिने मोजणी करायची नाही, पहिली किती ताणली गेली हे फक्त तिच्याशी ताडून पाहायचे. काम करणारे माप आणि प्रमाण म्हणून जपलेले माप यांतला हा भेद कॅलिब्रेशनच्या सगळ्या व्यवहाराचा पाया आहे.

लॅम्बटननंतर हे काम पुढे नेणाऱ्या जॉर्ज एव्हरेस्टने १८३० मध्ये इंग्लंडहून परत येताना साखळीऐवजी कोल्बीच्या पद्धतीच्या दहा फुटी पट्ट्या आणल्या. त्यांत पितळ आणि लोखंड अशा दोन पट्ट्या जोडलेल्या असत आणि दोहोंच्या कमीअधिक प्रसरणातून टोकावरच्या दोन खुणांमधले अंतर तापमान बदलले तरी स्थिर राही. त्यांच्या जोडीला निव्वळ तुलनेसाठी दहा फुटी लोखंडी प्रमाणपट्ट्या होत्या. या पट्ट्यांनी कलकत्ता, डेहराडून, सिरोंज आणि १८४१ मध्ये बीदर इथल्या पायारेषा मोजल्या गेल्या. दख्खनचे नकाशे बीदरच्या रेषेला बांधलेले आहेत. पुढे साउदॅम्प्टन इथे कॅप्टन क्लार्कने इंग्लंड, फ्रान्स, बेल्जियम, प्रशिया, रशिया आणि भारत अशा अनेक देशांच्या लांबीच्या प्रमाणांची एकमेकांशी तुलना केली, ती १८६६ मध्ये छापली गेली. तुलनांच्या या व्यापातून एक गोष्ट पुढे आली, ती अशी की भारतीय सर्वेक्षणाचा फूट ब्रिटिश फुटाहून अगदी किंचित निराळा होता. फरक दर लाखामागे एकाहूनही कमी, तरी हजार मैलांच्या अंतरात तो मोजण्याजोगा होतो. म्हणून ‘भारतीय फूट’ हे एकक सर्वेक्षणाच्या गणितात वेगळे नोंदले गेले आणि आजही नकाशांच्या संगणकीय रूपांतरात ते वेगळे धरावे लागते. साखळी जपलेली असली की तिच्यातली चूकही सापडते आणि शंभर-दोनशे वर्षांनीही दुरुस्त करता येते, याचे यासारखे चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

मूळ मापच नष्ट झाले तर काय, या प्रश्नाचे उत्तरही त्याच शतकात मिळाले. १६ ऑक्टोबर १८३४ रोजी लंडनच्या पार्लमेंटला आग लागली आणि तिथे ठेवलेली यार्ड व पौंड यांची मूळ प्रमाणे त्यात गेली. १८२४ च्या कायद्याने अशा प्रसंगासाठी तजवीज केलेली होती: एक सेकंदाचा ठोका देणाऱ्या लंबकाच्या लांबीवरून यार्ड पुन्हा सिद्ध करावा. तज्ज्ञांच्या आयोगाने तपासल्यावर हा मार्ग पुरेसा अचूक नसल्याचे दिसले. शेवटी कामी आल्या त्या प्रती. आगीपूर्वी मूळ यार्डाशी ताडलेल्या पट्ट्या इतरत्र सुरक्षित होत्या आणि त्यांच्यावरून नवा यार्ड बनवून १८५५ मध्ये तो कायद्याने मान्य झाला. खालच्या कड्यांनी वरची कडी पुन्हा घडवली.

भारतात वजनांसाठीही अशी शास्त्रीय व्यवस्था हवी, असा आग्रह धरणाऱ्यांत मुंबई इंजिनियर्सचा टॉमस बेस्ट जर्विस होता. दक्षिण कोकणच्या मोजणीचे काम केलेल्या या अधिकाऱ्याने देशभर एकच मापनपद्धती आणि नाणेपद्धती कशी आणता येईल यावर १८३६ मध्ये मुंबईत पुस्तक प्रसिद्ध केले. त्याची योजना स्वीकारली गेली नाही. १८७० आणि १८७१ च्या कायद्यांनी त्याहून धाडसी पाऊल टाकले. १८७१ च्या कायद्यात शेर हा फ्रान्सच्या किलोग्रॅमएवढा धरला होता, म्हणजे इंग्लंडने न स्वीकारलेली दशमान पद्धत भारतात येणार होती. पण योजनेचा पाठीराखा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो याचा ८ फेब्रुवारी १८७२ रोजी पोर्ट ब्लेअरला खून झाला आणि हा कायदा कधीच अमलात आला नाही. नव्या शेराची वजने कोण घडवणार, जिल्ह्याजिल्ह्यांत ती कोण तपासणार, याची काही तयारी झालेली असती तर एका माणसाच्या जाण्याने योजना अशी विरून गेली नसती.

जगाच्या पातळीवरची साखळी याच दशकात आकाराला आली. २० मे १८७५ रोजी पॅरिसमध्ये १७ देशांनी मीटर करारावर सह्या केल्या आणि पॅरिसजवळ सेव्ह्र इथे आंतरराष्ट्रीय वजनमाप कार्यालय स्थापन झाले. लंडनच्या जॉन्सन मॅथी या कंपनीने ९० टक्के प्लॅटिनम आणि १० टक्के इरिडियम या मिश्रधातूचे दंडगोल ओतून दिले. उंची आणि व्यास दोन्ही सुमारे ३९ मिलिमीटर. त्यांतला एक १८८९ मध्ये आंतरराष्ट्रीय मूळ किलोग्रॅम म्हणून मान्य झाला. तो तळघरातल्या तिजोरीत ठेवला गेला, जी तीन वेगवेगळ्या किल्ल्यांशिवाय उघडत नसे. त्याच्या प्रती क्रमांक घालून सभासद देशांना देण्यात आल्या आणि त्या अधूनमधून परत आणून ताडण्याची रीत पडली. इथे पहिल्यांदा व्याख्या, तिची मूळ वस्तू, क्रमांकित प्रती आणि पुन्हा ताडण्याची व्यवस्था या चारही गोष्टी एकाच करारात बांधल्या गेल्या.

भारतात मात्र पुढची पन्नास-साठ वर्षे तुकड्यातुकड्यांनीच काम झाले. १८८९ च्या कायद्याने यार्ड हे लांबीचे प्रमाण ठरले. १९१३-१४ मध्ये सिल्बेराड समितीने वजनांचा प्रश्न तपासला. मुंबई प्रांताने १९३२ मध्ये स्वतःचा वजनमाप कायदा केला. निरीक्षक आणि ठसा यांची बाजारातली ओळख या प्रांताला त्या कायद्यापासून. १९३९ च्या केंद्रीय कायद्याने तोळा, शेर आणि मण यांची १८० ग्रेनवर आधारलेली प्रमाणे देशभरासाठी पक्की केली, पण अंमलबजावणी प्रांतांवर सोपवली. परिणाम अपेक्षेप्रमाणेच झाला. स्वातंत्र्यानंतर गावोगावी पाहणी झाली तेव्हा मण या एकाच नावाखाली २८० तोळ्यांपासून ८,३२० तोळ्यांपर्यंतची वजने आढळली. कायद्यातला मण ३,२०० तोळ्यांचा होता. अशा बाजारात नाडला जाई तो मुख्यतः शेतकरी, कारण माल आपल्या मापाने भरून तो दुसऱ्याच्या मापाने विकत असे.

स्वतंत्र भारताने हा प्रश्न दोन्ही टोकांनी हाती घेतला. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचा पाया ४ जानेवारी १९४७ रोजी जवाहरलाल नेहरूंनी घातला आणि २१ जानेवारी १९५० रोजी वल्लभभाई पटेलांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले, के. एस. कृष्णन हे पहिले संचालक. १९५६ च्या अखेरीस प्रमाण वजनमापे कायदा संमत झाला आणि मीटर व किलोग्रॅम ही देशाची मापे ठरली. १९५७ मध्ये भारत मीटर करारात सामील झाला. किलोग्रॅमची ५७ क्रमांकाची प्रत भारताच्या वाट्याला आली आणि दिल्लीच्या प्रयोगशाळेत ठेवली गेली. १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले होते, त्यामुळे दहाच्या पटीत मोजायची सवय लोकांना आधी पैशांतून लागली. १ ऑक्टोबर १९५८ पासून निवडक भागांत आणि व्यवहारांत किलो-ग्रॅम सुरू झाले, जुनी मापे काही काळ बरोबरीने चालू दिली गेली, आणि १ एप्रिल १९६२ पासून वजनाच्या बाबतीत देशभर जुनी मापे बेकायदा ठरली. ९३३ ग्रॅमचा शेर सोडून किलो घेताना भाव किती धरायचा, याची कोष्टके दुकानांत टांगलेली असत.

इतक्या मोठ्या देशात हा बदल चार-पाच वर्षांत झाला, आणि याचे श्रेय कायद्याच्या शब्दांपेक्षा त्याखाली उभ्या केलेल्या व्यवस्थेला आहे. राज्याराज्यांत नियंत्रक आणि निरीक्षक नेमले गेले. द्विभाषिक मुंबई राज्याचा अंमलबजावणीचा कायदा १९५८ चा आहे. वरच्या दर्जाची प्रमाण वजने आणि मापे घडवण्याचे काम मुंबईच्या टाकसाळीने केले. फोर्टमधली ही टाकसाळ १८२० च्या दशकात बांधली गेली. नाण्यात ठरलेल्या वजनाचा धातू भरण्याचे कसब आणि त्यासाठी लागणारे नाजूक काटे तिथे पिढ्यान्‌पिढ्या होते. राज्यांच्या वजनमाप खात्यांना लागणारे संच आजही तिथे तयार होतात. प्रिन्सेपच्या योजनेत टाकसाळीतून नुसता रुपया बाहेर पडत होता. १९५८ नंतर टाकसाळीतून बाहेर पडणाऱ्या वजनाला दिल्लीच्या प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र आणि पुन्हा तपासणीची तारीख मिळाली.

ही साखळी खाली कशी उतरते ते पाहण्याजोगे आहे. सर्वांत वर राष्ट्रीय प्रयोगशाळेतले प्रमाण. त्याच्याशी ताडलेली संदर्भ प्रमाणे प्रादेशिक प्रयोगशाळांत असतात. अहमदाबाद, बंगळुरू, भुवनेश्वर, फरिदाबाद आणि गुवाहाटी इथल्या प्रयोगशाळांच्या जोडीला पुढे वाराणसी आणि नागपूर इथेही अशी सोय झाली. संदर्भ प्रमाणाशी राज्यांच्या दुय्यम प्रमाणांची ताडणी होते, साधारणपणे दोन वर्षांतून एकदा. दुय्यम प्रमाणाशी निरीक्षकाजवळचे कार्यकारी प्रमाण दरवर्षी ताडतात, आणि त्या कार्यकारी वजनाने निरीक्षक दुकानातले वजन तपासतो. प्रत्येक पायरीला चुकीची मुभा वाढत जाते. आंतरराष्ट्रीय वर्गवारीत एक किलोच्या सर्वोच्च वर्गातल्या वजनाला अर्ध्या मिलिग्रॅमची मुभा आहे, त्याखाली १.६, मग ५, १६, ५०, १६० आणि शेवटच्या वर्गाला ५०० मिलिग्रॅम. प्रत्येक पायरीवर ही मुभा साधारण तिपटीने वाढते. वरचे वजन खालच्यापेक्षा इतके काटेकोर असले की त्याची स्वतःची चूक खालच्या निकालात फारशी लुडबुड करत नाही.

वरच्या पायऱ्यांवर ताडणी म्हणजे दोन वजने दोन पारड्यांत ठेवणे एवढे सोपे राहत नाही. हवेत ठेवलेल्या प्रत्येक वस्तूला हवा वर उचलते, जितके आकारमान मोठे तितके जास्त. प्लॅटिनम-इरिडियमचा किलोग्रॅम सुमारे ४६ घनसेंटिमीटर जागा व्यापतो, पोलादाचा सुमारे १२५. एक घनसेंटिमीटर हवेचे वस्तुमान साधारण १.२ मिलिग्रॅम धरले, तर नुसत्या हवेच्या उचलीमुळे दोन तंतोतंत सारख्या किलोंमध्ये ९० मिलिग्रॅमहून अधिक फरक दिसतो. प्रयोगशाळेला गाठायची असते मायक्रोग्रॅमची अचूकता. म्हणून खोलीचे तापमान, हवेचा दाब आणि आर्द्रता सतत मोजावी लागते. ही तीनही उपकरणे पुन्हा आपापल्या साखळीने प्रमाणांशी जोडलेली असावी लागतात. एकाच प्रमाणपत्रामागे अशा चार-पाच साखळ्या असतात.

दुसऱ्या टोकाला बिडाचे वजन आहे. त्याच्या पोकळीत शिसे भरलेले असते. ओतकामात वजन नेमके येत नाही, म्हणून ते थोडे हलके ओतून शिशाने भरती करतात, आणि निरीक्षकाचा ठसाही त्या मऊ शिशावरच उठतो. कोणी शिसे काढून वजन हलके केले तर ठसाही जातो. तराजू तपासताना आधी रिकाम्या पारड्यांचा पासंग पाहतात, मग पूर्ण भाराला आणि मग थोड्या भाराला दांडी कशी वागते ते. व्यापाऱ्याच्या साध्या वजनांची फेरतपासणी २४ महिन्यांनी आणि इलेक्ट्रॉनिक काट्यांची दर १२ महिन्यांनी व्हावी असा नियम आहे. १९७६ चा कायदा, आवेष्टित वस्तूंचे नियम आणि १ एप्रिल २०११ पासून लागू झालेला २००९ चा वैध मापन शास्त्र कायदा यांनी ही चौकट वाढवली. तिच्यासाठी लागणारे अधिकारी रांचीच्या संस्थेत शिकतात.

बाजाराबाहेर, कारखान्यांत आणि इस्पितळांत, साखळी तितकीच लागते, किंबहुना तिथे चुकीची किंमत अधिक असते. पिंपरी-चिंचवडच्या एका शेडमध्ये कातलेला दांडा दुसऱ्या शेडमध्ये घडवलेल्या बेअरिंगमध्ये बसतो, कारण दोन्हीकडचे मायक्रोमीटर स्लिप गेज या ठरलेल्या लांबीच्या ठोकळ्यांशी ताडलेले असतात आणि ते गेज लेसर प्रकाशाच्या तरंगलांबीशी. मीटरची व्याख्या १९८३ पासून प्रकाशाच्या वेगावर आहे: एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात प्रकाश निर्वातात जेवढे अंतर कापतो तेवढे. स्लिप गेज विसाव्या शतकाच्या आरंभी स्वीडनच्या योहान्सनने रूढ केले. त्यांची लांबी २० अंश सेल्सिअसला सांगण्याचा संकेत सर्वत्र पाळला जातो, कारण तापमान न सांगितलेल्या लांबीला अर्थच नसतो. खासगी कॅलिब्रेशन प्रयोगशाळांची पात्रता एनएबीएल ही मान्यता देणारी संस्था तपासते. किरणोत्सर्गाच्या मापनात देशाचे प्रमाण मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राकडे आहे. कर्करोगाच्या रुग्णाला दिलेली किरणांची मात्रा शेवटी या केंद्रातल्या प्रमाणाशी जोडलेली असते, आणि या साखळीतली चूक थेट माणसाच्या शरीरावर उतरते.

राष्ट्रीय प्रयोगशाळांनी एकमेकींची प्रमाणपत्रे मान्य करावीत असा करार ऑक्टोबर १९९९ मध्ये झाला, आणि भारताची प्रयोगशाळाही त्यात आहे. त्याच्या थोडे आधीच साखळीच्या माथ्यावर एक अस्वस्थ करणारी गोष्ट दिसली होती. १९८८ ते १९९२ या काळात सेव्ह्रचा मूळ किलोग्रॅम आणि देशोदेशींच्या प्रती पुन्हा ताडल्या गेल्या. शंभर वर्षांत त्यांच्यात सुमारे ५० मायक्रोग्रॅमचे अंतर पडले होते. प्रती जड झाल्या की मूळ हलका झाला हे सांगण्याचा मार्गच नव्हता, कारण व्याख्येनुसार मूळ वस्तू चुकूच शकत नव्हती. एकाच वस्तूवर साऱ्या जगाचा हवाला ठेवण्याचा हा दोष होता आणि तो वस्तू किती जपली यावर अवलंबून नव्हता.

१६ नोव्हेंबर २०१८ रोजी व्हर्सायच्या परिषदेत देशांनी किलोग्रॅमची व्याख्या बदलली आणि २० मे २०१९ पासून, मीटर कराराच्या वर्धापनदिनी, ती लागू झाली. आता प्लांकच्या स्थिरांकाचे मूल्य ६.६२६०७०१५ गुणिले १० चा उणे ३४ वा घात जूल-सेकंद असे कायमचे ठरलेले आहे आणि त्यावरून किलोग्रॅम सिद्ध होतो. त्याचे दोन मार्ग आहेत. ब्रायन किबल या ब्रिटिश शास्त्रज्ञाच्या कल्पनेतून आलेल्या तुलेत वस्तूचा भार विद्युतचुंबकीय बलाने तोलतात. दुसऱ्या मार्गाने शुद्ध सिलिकॉनच्या गोळ्यातले अणू मोजतात. हे काम फार थोड्या प्रयोगशाळांना जमते आणि त्यांचे निकाल अजून एकमेकांशी पूर्ण जुळत नाहीत. म्हणून या निकालांवरून सर्वसंमत मूल्य काढून तेच सर्वत्र वापरायचे ठरले. मार्च २०२३ पासून लागू झालेल्या सर्वसंमत मूल्यानुसार सेव्ह्रचा जुना दंडगोल आणि किलोग्रॅम यांत ७ मायक्रोग्रॅमचा फरक निघाला. ज्याची चूक सव्वाशे वर्षे विचारताच येत नव्हती, त्या वस्तूचेही आता कॅलिब्रेशन होते.

बाजारातल्या व्यवहारावर या बदलाचा परिणाम शून्य आहे. ७ मायक्रोग्रॅम हा दुकानातल्या एक किलोच्या वजनाला दिलेल्या मुभेच्या सत्तर हजाराव्या भागाएवढाही नाही. तिथली चूक होते ती फेरतपासणीची मुदत टळल्याने, शिसे निघाल्याने किंवा काट्याची मोहर तोडल्याने. दुकानदाराने तपासणीचे प्रमाणपत्र दर्शनी जागी लावणे कायद्याने बंधनकारक आहे. त्यावर पुढच्या तपासणीची तारीख असते, ती ग्राहकाने वाचावी. प्रमाणपत्र दिसत नसेल तर ते मागावे, आणि तारीख टळली असेल तर जिल्ह्याच्या वैध मापन शास्त्र कार्यालयात तक्रार करावी.